पावले मोजायची, पण कोठून? बास्केटबॉलमधील 'ट्रॅव्हलिंग'चा नियम समजून घेताना

प्रतिनिधी, नंदुरबार

शालेय बास्केटबॉल सामन्यात मैदानाबाहेरून सर्वांत आधी येणारी आरोळी बहुधा 'ट्रॅव्हल, ट्रॅव्हल' हीच असते. प्रतिस्पर्धी संघाचा खेळाडू चेंडू घेऊन बास्केटच्या दिशेने झेपावला की बाहेर बसलेला प्रत्येक जण पंच होतो, बोटांवर पावले मोजू लागतो आणि शिट्टी वाजली नाही की पंचाच्या नावाने खडे फोडतो. उलट शिट्टी वाजली, तर ज्याच्या हातून चेंडू गेला तो खेळाडू दोन्ही हात पसरून 'सर, दोनच पावले होती' असे सांगू लागतो. गंमत अशी की, पुष्कळदा दोघांचीही पावलांची मोजणी अचूक असते. चूक होते ती मोजणी कोठून सुरू करायची, या एकाच मुद्द्यावर.

चेंडू हातात धरून नियमाने घालून दिलेल्या मर्यादेपलीकडे पाय हलविणे, म्हणजे ट्रॅव्हलिंग. व्याख्या इतकी सोपी आहे. परंतु ती प्रत्यक्ष मैदानावर, धावत्या खेळाडूच्या बाबतीत आणि एका सेकंदाहूनही कमी वेळात लावायची असते. त्यातच आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाने, म्हणजे 'फिबा'ने, १ ऑक्टोबर २०१७ पासून या नियमात महत्त्वाचा बदल केला. जुन्या नियमानुसार जे ट्रॅव्हलिंग ठरत होते, त्यातील काही हालचाली तेव्हापासून पूर्णपणे वैध झाल्या आहेत. बदल कागदावर आला की तो प्रत्येक पंचाच्या, प्रशिक्षकाच्या आणि प्रेक्षकाच्या नजरेत लगेच उतरतोच असे नाही. वादाचे मूळ नेमके येथेच आहे.

एका शिट्टीची किंमत

नंदुरबारसारख्या जिल्ह्यात हा वाद निव्वळ तांत्रिक राहत नाही. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा सहा तालुक्यांचा आहे. नंदुरबार, नवापूर आणि शहादा या तालुक्यांतील संघांना जिल्ह्याच्या ठिकाणी येणे तुलनेने सोयीचे आहे. अक्राणी तालुक्यातील धडगावच्या मुलांना मात्र सातपुड्याचे घाट उतरून यावे लागते. जिल्हास्तरावर जिंकणारा संघ नाशिक विभागाच्या स्पर्धेत जातो, विभागात जिंकणारा राज्यस्तरावर. हरला, तर त्या वर्षापुरता प्रवास संपतो. साखळी सामन्यांची चैन बहुतेक शालेय स्पर्धांना परवडत नाही. तेथे बाद पद्धतच चालते.

दहावी-बारावीच्या परीक्षेत मिळणारे क्रीडा सवलतीचे गुण आणि पुढे योग्य स्तरावरील यशाच्या बळावर शासकीय नोकरीतील खेळाडूंसाठी असलेले पाच टक्के आरक्षण, या दोन्ही गोष्टी मैदानावरील निकालाशी जोडलेल्या आहेत. शेवटच्या मिनिटात एका गुणाने पिछाडीवर असलेल्या संघाची मुलगी बास्केटपर्यंत पोहोचली, चेंडू आत गेला आणि त्याच क्षणी ट्रॅव्हलिंगची शिट्टी वाजली, तर तो गुण धरला जात नाही. चेंडू प्रतिस्पर्ध्याला मिळतो. शिट्टी योग्य असेल तर तक्रारीला जागा नाही. पण ती जुन्या नियमाच्या सवयीने वाजली असेल, तर तिने त्या मुलीचे एक वर्ष खर्ची घातलेले असते. म्हणूनच हा नियम मुळापासून समजून घेणे अगत्याचे ठरते.

१८९१ मधील सवलत

या नियमाचा जन्म खेळाबरोबरच झाला. डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात स्प्रिंगफील्ड येथील वायएमसीएच्या प्रशिक्षण विद्यालयात जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने हा खेळ तयार केला. कडाक्याच्या थंडीत बंद सभागृहात विद्यार्थ्यांना गुंतवून ठेवायचे, परंतु फुटबॉलमधील धक्काबुक्की टाळायची, हा त्याच्यापुढील प्रश्न होता. त्याने त्यावर साधा तोडगा काढला. चेंडू घेऊन धावताच आले नाही, तर धावणाऱ्याला पाडण्याची गरजच उरणार नाही! त्यामुळे त्याच्या मूळ तेरा नियमांपैकी तिसऱ्याच नियमाने चेंडू घेऊन पळण्यास मनाई केली. चेंडू जेथे झेलला तेथूनच तो फेकायचा, असा दंडक होता.

परंतु नेस्मिथला एक अडचण आधीच दिसली होती. वेगात धावताना चेंडू झेलणारा माणूस जागच्या जागी थबकू शकत नाही. शरीराचा वेग त्याला एक-दोन पावले पुढे नेतोच. म्हणून त्याच नियमात अशा खेळाडूला थोडी सवलत द्यावी, असेही त्याने नमूद केले. ही सवलत किती, हे मात्र त्याने मोजून सांगितले नाही. त्यानंतरच्या सव्वाशेहून अधिक वर्षांतील ट्रॅव्हलिंगचे सारे नियम म्हणजे त्या 'थोड्या सवलती'चे माप ठरविण्याचा प्रयत्न आहे, असे म्हटले तर वावगे ठरू नये.

चेंडूचे टप्पे पाडत पुढे जाणे, म्हणजे ड्रिबलिंग, हे मूळ नियमांत नव्हतेच. चेंडू घेऊन पळता येत नाही, मग तो आपणच जमिनीवर टाकून पुन्हा आपणच घ्यावा, अशी पळवाट खेळाडूंनी शोधली आणि पुढे तीच या खेळाचा आत्मा बनली. ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. कारण टप्पे पाडताना चेंडू हातात 'धरलेला' नसतो आणि म्हणूनच त्या काळात पावलांवर कसलेही बंधन नसते. दोन टप्प्यांच्या दरम्यान कोणी चार पावले टाकली तरी ते ट्रॅव्हलिंग होत नाही.

वायएमसीएच्या मार्फतच हा खेळ भारतात रुजला. मुंबईत १९२७ मध्ये क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी सुरू केलेल्या नागपाडा नेबरहूड हाउसच्या परिसराने महाराष्ट्राला पिढ्यान्‌पिढ्या बास्केटबॉलपटू दिले. भारताचे कर्णधारपद भूषविलेले आणि १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळविलेले अब्बास मुंतसिर हे याच नागपाड्याचे. अशा वस्तीत लहान मूल मोठ्यांचा खेळ पाहत पाहतच पायांचा नियम शिकते. जेथे ही परंपरा नाही, तेथे तो समजावून सांगावा लागतो.

मोजणीचा आरंभबिंदू

ट्रॅव्हलिंग ओळखण्याची पहिली पायरी पायांशी नसून हातांशी निगडित आहे. खेळाडूने चेंडूवर ताबा नेमका केव्हा मिळविला, हे आधी ठरवावे लागते. टप्पे पाडणाऱ्या खेळाडूने चेंडूला एकाच वेळी दोन्ही हात लावले किंवा चेंडू एका अथवा दोन्ही हातांत विसावू दिला की त्याचे ड्रिबलिंग संपते. त्या क्षणापासून पायांची मोजणी सुरू होते. त्याआधीची पावले हिशेबात धरायची नाहीत.

प्रेक्षकांची गल्लत येथेच होते. ते शेवटचा टप्पा जमिनीवर आदळला तेथून मोजू लागतात. वास्तविक टप्पा पडून चेंडू वर येईपर्यंत आणि खेळाडूने तो पकडेपर्यंत एखादे पाऊल सहज पडून जाते. ते पाऊल मोजणीत आले की वैध चालही 'तीन पावलांची' दिसू लागते. चेंडू हातातून निसटत असेल, खेळाडू तो सावरण्यासाठी धडपडत असेल, तर त्या धडपडीतील पावलेही धरली जात नाहीत. कारण तोवर ताबाच मिळालेला नसतो.

ताबा मिळाला त्या क्षणी खेळाडू उभा होता की पुढे जात होता, हा दुसरा प्रश्न. या दोन अवस्थांसाठी नियम वेगवेगळे आहेत आणि त्यांची सरमिसळ झाली की घोटाळा होतो.

रोवलेला पाय

दोन्ही पाय जमिनीवर ठेवून उभा असलेल्या खेळाडूला चेंडू मिळाला, तर त्याने एक पाय उचलताच दुसरा पाय 'पिव्हट' ठरतो. आपण त्याला रोवलेला पाय म्हणू. दाराच्या बिजागरीप्रमाणे हा पाय जागेवर राहील. त्यावर फिरता येईल, परंतु तो टेकलेल्या ठिकाणाहून सरकता किंवा उचलून पुन्हा टेकता कामा नये. दुसऱ्या पायाने मात्र कोणत्याही दिशेने, कितीही वेळा पाऊल टाकता येते. एकाच जागी गोल फिरत सहा वेळा पाय टाकणारा खेळाडू पाहून लोक ओरडतात, पण रोवलेला पाय जागेवर असेल तर त्यात काहीही गैर नाही.

या पायाबाबत दोन वेगळ्या अटी आहेत. खेळाडूला पास द्यायचा किंवा बास्केटवर चेंडू फेकायचा असेल, तर तो रोवलेला पाय उचलून उडी घेऊ शकतो. फक्त पाय पुन्हा जमिनीला लागण्याआधी चेंडू हातातून सुटला पाहिजे. ड्रिबलिंग सुरू करायचे असेल, तर अट अधिक कडक आहे. रोवलेला पाय उचलण्याआधीच चेंडू हातातून सुटलेला असावा लागतो. नवशिक्या खेळाडूंच्या हातून हमखास घडणारा नियमभंग हाच. उभ्या जागेवरून झटकन निघण्याच्या घाईत पाय आधी उचलला जातो आणि चेंडू नंतर जमिनीकडे जातो. गमतीचा भाग असा की, बास्केटजवळच्या चमकदार हालचालींवर ओरडणाऱ्या प्रेक्षकांच्या नजरेतून ही खरीखुरी चूक मात्र अनेकदा निसटते.

'शून्य पाऊल' म्हणजे काय?

आता धावत्या खेळाडूकडे वळू. पुढे जाताना चेंडू झेलणाऱ्या किंवा ड्रिबलिंग संपविणाऱ्या खेळाडूला थांबण्यासाठी, पास देण्यासाठी अथवा बास्केटवर चेंडू टाकण्यासाठी दोन पावले टाकता येतात. प्रश्न असा की, चेंडू हातात आला त्या क्षणी एक पाय आधीच जमिनीवर टेकलेला असेल, तर तो धरायचा की नाही?

२०१७ पूर्वीच्या फिबा नियमात तो पाय हिशेबात धरला जात असे. बदललेल्या नियमानुसार ताबा मिळाल्यानंतर जमिनीला लागणारा पाय हे पहिले पाऊल. ताबा मिळताना जो पाय आधीच जमिनीवर होता, ते 'शून्य पाऊल'. म्हणजे उजवा पाय जमिनीवर असताना चेंडू हातात आला, मग डावा पडला, मग उजवा पडला आणि चेंडू हातातून सुटला, तर हिशेब शून्य, एक, दोन असा होतो. पाय तीन वेळा जमिनीवर दिसले तरी चाल वैध आहे. यानंतर चेंडू हातात असतानाच पुढचा पाय टेकला, तर ते ट्रॅव्हलिंग.

येथे एक सूक्ष्म भेद आहे. शून्य पाऊल ही सर्वांना मिळणारी वाढीव भेट नव्हे. खेळाडूने हवेत उडी मारून चेंडू झेलला, तर ताब्याच्या क्षणी त्याचा एकही पाय जमिनीवर नसतो. साहजिकच त्याच्या वाट्याला शून्य पाऊल येत नाही. खाली येताना पडणारा पाय हे त्याचे पहिले पाऊल ठरते आणि त्याला दोनच मिळतात. त्याचप्रमाणे उभ्या असलेल्या खेळाडूलाही शून्य पावलाचा लाभ नाही. ही तरतूद धावत्या शरीराच्या वेगासाठी आहे. नेस्मिथने दिलेल्या सवलतीचेच ते आधुनिक माप आहे.

पास झेलून लगेच ड्रिबलिंग करीत निघणाऱ्या खेळाडूवर आणखी एक बंधन आहे. त्याने दुसरे पाऊल पडण्यापूर्वी चेंडू हातातून सोडला पाहिजे. ले-अपसाठी दोन पावले चालतात म्हणून ड्रिबलिंगच्या आरंभीही चालतील, अशी समजूत असेल तर ती चुकीची आहे.

अमेरिकेतील व्यावसायिक लीग, म्हणजे एनबीएने, आपल्या लिखित नियमात दोन पावलांची मुभा २००९ मध्येच स्पष्ट केली होती. फिबाच्या २०१७ मधील बदलाने दोन्ही नियम बऱ्याच अंशी जवळ आले. तरीही भ्रमणध्वनीवर एनबीएतील क्षणचित्रे पाहून 'तेथे चालते, मग येथे का नाही?' असे विचारणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. आपल्याकडील स्पर्धा फिबाच्या नियमांनी खेळविल्या जातात, तेव्हा निवाडाही त्याच पुस्तकाने व्हायला हवा.

थांबताना कोणता पाय?

धावत येऊन थांबलेल्या खेळाडूचा रोवलेला पाय कोणता, हा प्रश्न अनुभवी पंचांचीही परीक्षा पाहतो. पहिल्या पावलावर दोन्ही पाय एकाच वेळी टेकले, तर खेळाडू कोणताही पाय रोवू शकतो. पहिले पाऊल एका पायावर पडले, तर तोच पाय रोवलेला ठरतो, मग दुसरा पाय नंतर शेजारी येऊन टेकला तरी. पहिले पाऊल एका पायावर टाकून, त्यावरून उडी घेऊन, दुसरे पाऊल म्हणून दोन्ही पाय एकदम टेकविले, तर थांबणे वैध आहे; मात्र त्यानंतर कोणत्याही पायावर फिरता येत नाही. पाय उचलायचाच, तर तो परत टेकण्याआधी चेंडू हातातून गेला पाहिजे.

याखेरीज, पहिले पाऊल ज्या पायाचे पडले तोच पाय लागोपाठ पुन्हा टेकविता येत नाही. डाव्या पायावर उतरून पुन्हा डाव्याच पायावर टुणकन उडी मारणे हा नियमभंग आहे. थोडक्यात, चेंडू हातात असताना लंगडी घालता येत नाही!

हे ट्रॅव्हलिंग नव्हे

काही हालचाली दिसायला विचित्र असतात, पण नियमात बसतात. पहिले पाऊल एका बाजूला आणि दुसरे झटक्यात विरुद्ध बाजूला टाकून बचावपटूला चकविणारी 'युरो स्टेप' ही त्यांपैकी एक. पावले दोनच असतील, तर ती कोणत्या दिशेला पडली याच्याशी नियमाला कर्तव्य नाही. वेगात गिरकी घेत केलेल्या ले-अपलाही तोच न्याय लागू होतो.

जमिनीवर पडलेल्या खेळाडूबाबतही गैरसमज फार आहेत. चेंडूवर झडप घालताना खेळाडू पडला आणि चेंडू धरून घसरत गेला, तर ते वैध आहे. बसल्या किंवा पडल्या जागी चेंडू हाती आला तरी हरकत नाही. तेथून तो पास देऊ शकतो. परंतु चेंडू धरून लोळण घेतली किंवा उठून उभे राहण्याचा प्रयत्न केला, तर मात्र शिट्टी वाजायला हवी.

बाजूच्या रेषेबाहेरून चेंडू आत टाकणारा खेळाडू जागेवरून हलला की पुष्कळ जण ओरडतात. ट्रॅव्हलिंगचा नियम मैदानाच्या आत चेंडू धरलेल्या खेळाडूपुरता आहे. रेषेबाहेरच्या खेळाडूला पिव्हटची अट नाही. पंचाने दाखविलेल्या जागेपासून बाजूला सरकण्याची त्याची मर्यादा एक मीटरची असते. बास्केट झाल्यानंतर अंतिम रेषेमागून चेंडू टाकताना तर त्याला त्या रेषेच्या मागे कोठेही सरकण्याची मोकळीक असते.

उलट, बास्केटवर चेंडू फेकण्यासाठी उडी घेतली, समोर बचावपटूचे हात दिसले आणि चेंडू न सोडताच खेळाडू खाली उतरला, तर ते नि:संशय ट्रॅव्हलिंग आहे. मात्र हवेत बचावपटूनेही चेंडू घट्ट पकडला आणि दोघेही तो धरून खाली आले, तर निर्णय बदलतो. चेंडूवर दोघांचा ताबा मानला जातो. हातांकडे न पाहता पायांवरच खिळलेली नजर येथे फसते.

पंचाची नजर कोठे?

कबड्डीतील बोनस गुणाचे उदाहरण आपल्याला जवळचे आहे. चढाईपटूचा एक पाय बोनस रेषेपलीकडे टेकला, त्या वेळी दुसरा पाय हवेत होता की नाही, हे पंचाला एकाच क्षणी पाहावे लागते. बास्केटबॉलच्या पंचासमोरील काम याहून एका पदराने अधिक गुंतागुंतीचे आहे. त्याला दोन्ही पाय पाहायचे असतात, चेंडूवरील ताब्याचा क्षण टिपायचा असतो आणि बचावपटूने खेळाडूच्या हाताला किंवा अंगाला धक्का दिला का, हेही बघायचे असते. धक्का बसल्यामुळे पाय सरकला, तर शिट्टी ट्रॅव्हलिंगची नव्हे, फाउलची वाजायला हवी. हा क्रम उलटला, तर अन्याय दुहेरी होतो. ज्याला फ्री थ्रो मिळायला हवे, त्याच्याच हातातून चेंडू काढून घेतला जातो.

मोठ्या स्पर्धांत तीन पंच असतात, शालेय सामन्यांत सहसा दोनच. एक बास्केटच्या खाली अंतिम रेषेपाशी उभा राहतो, दुसरा खेळाच्या मागून येतो. चेंडू ज्याच्या वाट्याच्या भागात आहे, त्याने चेंडूधारक आणि त्याचा बचावपटू यांच्यामधील मोकळी फट दिसेल असा कोन साधायचा असतो. खेळाडूच्या पाठीमागे अडकलेल्या पंचाला हातही दिसत नाहीत आणि पायही. फार जवळ गेल्यास एका नजरेत हात व पाय दोन्ही मावत नाहीत. म्हणून योग्य अंतर राखणे आणि निर्णयाच्या क्षणी स्वत: शक्यतो स्थिर असणे यावर पंचांच्या प्रशिक्षणात भर असतो. पळता पळता दुसऱ्याचे पाय मोजणे कठीणच.

निर्णय झाला की पंच शिट्टी वाजवून उघडा पंजा वर करतो. ही घड्याळ थांबविण्याची खूण. मग दोन्ही मुठी एकमेकींभोवती फिरवितो आणि चेंडू कोणाला, ती दिशा दाखवितो. ट्रॅव्हलिंग हा नियमभंग आहे, फाउल नव्हे. त्यामुळे तो खेळाडूच्या फाउलच्या खात्यावर मांडला जात नाही. नियमभंग घडला त्याच्या जवळच्या ठिकाणी रेषेबाहेरून प्रतिस्पर्धी चेंडू आत टाकतात, एवढीच त्याची शिक्षा.

क्रिकेटमध्ये तिसऱ्या पंचाकडे दाद मागण्याची आपल्याला सवय झाली आहे. बास्केटबॉलच्या मोठ्या स्पर्धांतही काही निर्णयांसाठी चित्रफीत पाहिली जाते. परंतु ट्रॅव्हलिंग झाले की नाही, हे तपासण्याची तरतूद फिबाच्या त्या यादीत नाही. म्हणजे ऑलिम्पिकचा सामना असो वा तालुक्याचा, हा निर्णय मैदानावरील डोळ्यांनीच घ्यायचा. पंच जितका सरावलेला, तितका न्याय जवळ.

शंका आली, तर?

पंचगिरीत दोन प्रकारच्या चुका होतात. घडलेला नियमभंग निसटतो किंवा न घडलेल्यासाठी शिट्टी वाजते. दोन्हींत नुकसान आहे, पण शालेय पातळीवर दुसरी चूक अधिक खोल जखम करते. निसटलेल्या नियमभंगाचा परिणाम सहसा त्या एका चढाईपुरता राहतो. वैध चालीसाठी वाजलेली शिट्टी मात्र मुलाला चुकीचा धडा देते. वेगात येऊन, शून्य-एक-दोन या तालात अचूक ले-अप करणाऱ्या चौदा वर्षांच्या मुलाला दोनदा थांबविले, तर तिसऱ्या वेळी तो वेग कमी करतो. आपले पाय बरोबर असूनही ते चुकीचे आहेत, असे त्याच्या मनावर ठसते. पुढे विभागीय स्पर्धेत ज्या संघांना अशी बंधने नव्हती, त्यांच्यासमोर तो अर्धे पाऊल मागे राहतो. म्हणूनच जे स्पष्ट दिसले त्यासाठीच शिट्टी वाजवावी, दिसायला विचित्र वाटले म्हणून अंदाजाने वाजवू नये, हा पंचगिरीचा पायाभूत दंडक आहे.

तालुका पातळीवर क्रीडाशिक्षकच संघाला शिकवितात आणि इतर शाळांच्या सामन्यांत पंच म्हणूनही उभे राहतात, असे चित्र अनेकदा दिसते. त्यांच्यापैकी ज्यांनी २०१७ पूर्वी नियम आत्मसात केले, त्यांची नजर जुन्या मोजणीला सरावलेली असणे स्वाभाविक आहे. यात त्यांचा दोष नाही. डोळ्यांना नवी सवय लावावी लागते, इतकेच. महाराष्ट्राला दर्जेदार पंचांची परंपरा आहे. पुण्याच्या स्नेहल बेंडके यांच्यासारख्या महिला पंचांनी फिबाच्या परवान्यापर्यंत मजल मारली आहे. स्पर्धेपूर्वी पंच, प्रशिक्षक आणि कर्णधार यांना एकत्र बोलावून अर्धा तास या एका नियमाची प्रात्यक्षिके दाखविली, तरी निम्मे वाद मैदानात येण्याआधीच मिटतील. त्यासाठी वेगळा निधी लागत नाही. लागतात ते एक चेंडू, एक खेळाडू आणि सावकाश चालत दाखविलेली तीन-चार उदाहरणे.

शाळांच्या मैदानावर सरावासाठीही सोपी रीत अवलंबिता येते. एकाने धावत येऊन ले-अप करावा. दुसऱ्याने फक्त हात पाहावेत आणि चेंडू पकडला गेला त्या क्षणी 'आता' असे म्हणावे. तिसऱ्याने त्या शब्दानंतर टेकलेले पायच मोजावेत. दोनच्या पुढे गेले तर नियमभंग, अन्यथा नाही. भ्रमणध्वनीवर चित्रण करून ते संथ गतीने पाहिले, तर आपली नजर कोठे घाई करते हेही कळते. धुळीने भरलेल्या सिमेंटच्या मैदानावर रोवलेला पाय सरकतो तो वेगळाच. तो ओळखण्यासाठी जमिनीवरील एखादी रेषा किंवा खूण धरून पाहण्याचा सराव उपयोगी पडतो.

प्रेक्षकांनीही एवढे करावे. पुढच्या वेळी 'ट्रॅव्हल' असे ओरडण्यापूर्वी स्वत:ला तीन प्रश्न विचारावेत. चेंडू हातात नेमका केव्हा आला? त्या क्षणी कोणता पाय जमिनीवर होता? त्यानंतर किती वेळा पाय टेकला? या तिन्हींची उत्तरे देता आली, तर खुशाल ओरडावे. देता आली नाहीत, तर ज्याने ती एका क्षणात द्यायची आहेत, त्या पंचाला थोडा अवकाश द्यावा. आणि पंचानेही तीच तीन उत्तरे मनात तयार असतील, तेव्हाच शिट्टी ओठांशी न्यावी.